हळद लावलेली माती

माणसं आमच्याकडे माती आणायची ती मुलगी दाखवायला आणल्यासारखी. बीडच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले तेव्हा गावोगावी एसटीडीचे पिवळे बूथ नुकतेच उभे राहत होते, आणि माती तपासून घ्या म्हणून सांगणारी पत्रकंही तेवढ्याच उत्साहाने वाटली जात होती. पत्रकात सगळं लिहिलेलं असे. शेतात नागमोडी चाला, जागोजागी वीतभर खोल खड्डा घ्या, कडेची माती खरवडून एकत्र करा. बांधाजवळची घेऊ नका, झाडाखालची घेऊ नका, उकिरड्याजवळची तर मुळीच नको. लोक पत्रक वाचायचे आणि बरोब्बर उकिरड्याजवळची माती आणायचे. कुणी खडे वेचून, पिठाच्या चाळणीने चाळून, कोऱ्या पिशवीत घालून आणी. एका गृहस्थाने तर माती धुऊन वाळवून आणली होती. "पयल्यांदाच शहरात यायली, म्हणलं जरा नीट दिसू द्या," तो म्हणाला.

मला याचा भयंकर राग यायचा. मी मुळात तापट, त्यात नोकरी नवी, त्यामुळे अंगात शास्त्र जरा जास्तच भिनलेलं. "ही तुमच्या शेताची माती आहे का उकिरड्याची?" असं तोंडावर विचारायचे. समोरचा वरमून हसायचा आणि पिशवी तिथंच ठेवून निघून जायचा. आपली जमीन नापास व्हावी असं कुणालाच वाटत नाही, हे मला कळत होतं. पण चुकीच्या मातीचा बरोबर आकडा काढून द्यायचा म्हणजे माझ्या दिवसभराच्या कामाची मातीच की.

माझ्याकडे काम होतं ते सेंद्रिय कर्बाचं. पालापाचोळा, मुळं, शेण, धसकटं कुजून जमिनीत जे मागे उरतं, त्यात हा कर्ब असतो. आमच्याकडचे लोक त्याला सरळ जीव म्हणतात. जमिनीत जीव हाय, नाहीतर जीव न्हाई. तो जीव मोजायची रीत फार अवघड नाही. बारीक चाळलेली चमचाभर माती काचेच्या चंबूत घ्यायची, त्यात एक नारिंगी द्रावण घालायचं आणि वरून तीव्र आम्ल. चंबू हाताला चटका बसेल इतका तापतो. मातीतला कर्ब तो नारिंगी रंग खात जातो. मग चंबू निवला, त्यात पाणी घातलं, की किती नारिंगी उरलं ते वरून थेंब थेंब दुसरं द्रावण सोडून मोजायचं. काळपट निळं पाणी एका थेंबासरशी हिरवंगार होतं, तिथं थांबायचं. कर्ब जितका जास्त तितकं नारिंगी कमी उरणार. आमच्या जिल्ह्यातल्या मातीत नारिंगी बहुतेक वेळा भरपूर उरायचं. त्या आम्लाच्या शिंतोड्यांनी माझ्या सगळ्या साड्यांना बारीक भोकं पडली होती, आणि सासूबाई ती भोकं उजेडात धरून विचारायच्या, पगार जास्त येतो का साड्या जास्त जातात.

माझं माहेर गेवराई तालुक्यातलं, तलवाड्याच्या पलीकडचं. तिथल्या मातीशी प्रयोगशाळेत आपली गाठ पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण एका उन्हाळ्यात माझ्या भावाच्या डोक्यात मोसंबीच्या बागेनं घर केलं. आमच्या विहिरीला होळीनंतर पाणी टिकत नसे, तेव्हा बागेसाठी नाल्याच्या कडेला शेततळं खोदायचं ठरलं. शेततळं हा शब्दसुद्धा आमच्या गावाला तेव्हा नवा होता. वडील त्याला खड्डाच म्हणायचे. खड्डा नाल्याला लागूनच हवा, आणि तिथं आमचे दोनच तुकडे होते, मध्ये एक बांध. बांधाच्या अलीकडचा वडिलांचा, पलीकडचा मायचा.

माय म्हणजे आई. घरात सगळे तिला मायच म्हणायचो. तिचं माहेर शेजारच्याच गावचं, आणि दोन्ही गावांची शीव त्या नाल्यावर मिळते. लग्नात तिच्या वडिलांनी शिवेवरचा तो पट्टा तिला चोळीबांगडीला दिला होता. म्हणजे त्याच्या उत्पन्नातून लेकीने स्वतःची चोळी न् बांगडी करावी, त्यासाठी नवऱ्यापुढे हात पसरू नये. मायने चोळीत आणि बांगडीत त्यातलं फार थोडं घातलं. तीळ, कारळं, मूग, भुईमूग असं काहीबाही ती तिथं घ्यायची आणि ते तलवाड्याच्या बाजारात विकून आमची पुस्तकं आणायची. दहावीनंतर वडिलांनी माझ्या शिक्षणाबाबत हात वर केले, तेव्हा मी बीडच्या कॉलेजात शिकले ती त्या पट्ट्याच्या जिवावर. रसायनशास्त्र घेतलं तेही तीळ-मुगाच्याच पैशाने. लग्न होऊन मी बीडला आले, तरी दर संक्रांतीच्या आधी त्या वावरातल्या तिळाचं न् कारळाचं गाठोडं एसटीच्या कंडक्टरच्या हाती यायचंच.

दोनपैकी कुठल्या वावरात तळं घ्यायचं यावरून घरात धुसफूस सुरू झाली. भाऊ म्हणाला, मायचं वावर जरा खोलगट आहे. माय म्हणाली, पाणी काय बांध बघून येतं का? शेवटी वडिलांनी तोडगा काढला. "लेक शिकवली कशापायी? दोन्हीकडची माती तिच्याकडं धाडू. ज्या वावरात जीव कमी, तिथं खड्डा. मग कुणी चकार शब्द बोलायचा न्हाई." लेक कुणी शिकवली हा वेगळा प्रश्न, पण तोडगा वाईट नव्हता. एकदा खोदलं की ते वावर कायमचं गेलं, मग चांगलं कशाला घालवायचं? भावाने हे सगळं मला फोनवर सांगितलं. माय काय म्हणाली, असं मी विचारलं. ती माती बांधायला फडकं शोधतेय, असं तो म्हणाला.

पिशव्या आल्या. वडिलांची माती युरियाच्या गोणीच्या तुकड्यात बांधलेली होती. मी कपाळावर हात मारून घेतला, पण कर्बाच्या मोजणीला त्याने फरक पडत नाही म्हणून सोडून दिलं. मायची माती तिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात होती. आमच्या मदतनिसाने दोन्ही कुटून चाळून माझ्या टेबलावर ठेवल्या. वडिलांच्या मातीचा आकडा आमच्याकडे येतो तसाच आला, थोडा बराच म्हणायचा. मग मायच्या मातीवर आम्ल ओतलं, आणि चंबू बघता बघता हिरवा झाला. नारिंगी शिल्लकच नाही, मोजायचं काय? असं होतं तेव्हा माती निम्मी घेऊन पुन्हा करायचं असतं. पुन्हा केलं, पुन्हा हिरवा. एवढा कर्ब कुजलेल्या शेणखतात निघेल, तिळाच्या वावरात नाही. तरी क्षणभर मला इतका आनंद झाला की मी उभ्या उभ्या हसले. मायचं वावर वाचलं, एवढंच मनात आलं. मग मी ते लुगड्याचं फडकं उचलून उलगडलं. आतल्या घडीला पिवळा डाग होता.

चिमूटभर माती पुडीत बांधून घरी नेली. माझ्या सासरचं बीडमध्ये किराणा दुकान. घराण्यात महादेवाची भक्ती आणि वजनाला चोख, अशी सासऱ्यांची ख्याती. नवऱ्याने गल्ल्यावर बसल्या बसल्या ती माती हुंगली, ओल्या बोटावर घेतली आणि पानाच्या डब्यातला चुना तिला लावला. बोट तांबडं झालं.

"हळद," तो म्हणाला. "आन् चांगली हाय. आमच्या दुकानातली न्हाई." मग तो हसत सुटला. "आमी हळदीत माती मिसळली तर आमच्यावर खटला. तुझ्या माहेरची माणसं मातीत हळद मिसळतात, त्यांना कोण धरणार?"

मला हसू आलं नाही. दुपारी झालेला आनंद आता अंगावर आला होता. परीक्षेला खिडकीतून कॉपी पुरवतात तसला हा प्रकार, आणि तोही माझ्या आईने, माझ्या टेबलावर! सुट्टीच्या दिवशी सकाळची एसटी पकडून मी गावी गेले. उंबऱ्यातच चप्पल भिरकावली न् सरळ स्वयंपाकघरात. माय चुलीपुढे भाकरी थापत होती.

"माय, मातीत हळद कावून घातली?" माहेरी गेलं की माझी जीभ आपोआप तिकडची होते.

तिचा हात थांबला नाही. "घातली न्हाई. लावली."

"पण का?"

"अगं, ती माझ्या माहेरची माती. लेकीच्या घरी पयल्यांदा चालली. मोकळ्या कपाळानं कशी धाडू? हळदकुंकू लावलं, पाया पडले. जाय म्हणलं बाई, आन् नीट बोल म्हणलं."

"मग अण्णांच्या पिशवीला कावून लावली न्हाई?"

"ती तुज्या बापाची. त्यानं लावायला पायजे होती."

वडील बाहेर ओसरीवर बसले होते. "मला काय ठावं, मातीला बी नटवून धाडावं लागतंय," ते तिथूनच म्हणाले. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती पंचाईत उरली. हळद म्हणजे झाडाचाच कंद, तिच्यातल्या कर्बाने आकडा फुगतो, हे मायला माहीत असणं शक्य नव्हतं. कर्ब हा शब्दसुद्धा तिने ऐकलेला नव्हता. पण आपलं वावर पणाला लागलं आहे हे तिला पक्कं माहीत होतं, आणि अशा वेळी तिच्या हाताशी जे होतं ते तिने लावलं. ती पूजा होती का लबाडी, हे मी तिला विचारलं नाही. तिच्या भाकरीवर तूप घालून मी मुकाट जेवले आणि म्हणाले, "दोनी वावराची माती आता मी घेते. माझ्या हातानं."

ऊन उतरल्यावर निघालो. माय खुरपं न् घमेलं घेऊन माझ्या मागे. आधी वडिलांचं वावर लागलं. तिथं जिकडेतिकडे तुरीची धसकटं तशीच उभी होती, वाळलेलं गाजर गवत, पालापाचोळा, शेरडांच्या लेंड्या. वडिलांना शेती आवडायची, पण दुरून. बांध ओलांडून मायच्या वावरात आलो तर सारवलेल्या अंगणात आल्यासारखं वाटलं. एक काडी नाही, एक धसकट नाही, वाळलेलं पान नाही. लहानपणापासून मी ते वावर तसंच पाहत आले होते आणि मला त्याचा अभिमान होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिथं कुजायला काही उरलंय का ते शोधू लागले.

"हितली घे," माय एका जागी थांबून म्हणाली. "हितं भुईमूग लई यायचा."

"अशी निवडून न्हाई घेता येत माय. चालता चालता पाऊल पडंल तिथली घ्यायची."

"म्हंजी कुठलीबी?"

"कुठलीबी."

तिला ते पटलं नाही. माणसाची पारख करायची तर त्याच्या चांगल्या वेळेला करावी, असं काहीतरी ती पुटपुटली. मी खड्डे घेत गेले. मातीचा रंग फिका होता, आणि ढेकूळ दोन बोटांत धरलं की लगेच त्याचा भुगा होत होता. सगळी माती एकत्र करून मी भाकरीसारखी गोल पसरली, तिचे चार भाग केले आणि समोरासमोरचे दोन काढून टाकू लागले. नमुना कमी करायची ती रीतच आहे. मायने माझा हात धरला. "टाकायची ती माझ्याच वावरात टाक. बांधापल्याड नगं." मी तिथंच टाकली.

प्रयोगशाळेत मी ती मोजणी पुन्हा पुन्हा केली. नवं द्रावण बनवून केली, चंबू बदलून केली. विजेचा नेम नसायचा, म्हणून खिडकीशी चंबू धरून उजेडात रंग बघायचे. नारिंगी उरतच होतं, आणि वडिलांच्या मातीपेक्षा कितीतरी जास्त उरत होतं. आकडा जागचा हलला नाही.

तो आकडा फोनवर सांगायला माझं मन होईना. पुन्हा गावी गेले. संध्याकाळी ओसरीवर वडील, भाऊ आणि दाराच्या आत जरा टेकून बसलेली माय. मी सांगितलं, मायच्या वावरात जीव कमी आहे. आणि का कमी आहे तेही सांगितलं, कारण मला वाटलं, कारण सांगितलं म्हणजे तिला कमी लागेल. धसकटं, मुळं, पालापाचोळा जमिनीतच कुजला तर तिथं जीव राहतो. मायने वर्षानुवर्षं सगळं वेचून घरी आणलं, म्हणून वावर उपाशी राहिलं.

माय उठून दारात आली. "म्हंजी मी झाडून पुसून ठिवलं म्हणून माझं नापास? आन् ह्यांनी गाजर गवत माजू दिलं म्हणून ह्यांचं पास?"

वडील मिशीत हसले. "बग, आळस बी कामाला येतो."

"माय, ती धसकटं वावरातच राहिली असती तर..."

"तर तुमाला भाकरी कशावर भाजली असती?"

दर संध्याकाळी डोक्यावर धसकटांचा भारा घेऊन येणारी माय मला दिसत होती. त्या भाऱ्यावर आमचं पाणी तापलं, आमची भाकरी झाली, परीक्षेच्या दिवसांत माझा चहा झाला. त्या वावरातला कर्ब चोराने नेला नव्हता, तो आमच्या तव्याखाली गेला होता, आणि मी तिच्यासमोर बसून तिला सांगत होते की तू कमी पडलीस. मला रडू आलं. मी ते आवरलंही नाही. भाऊ गडबडून पाणी आणायला उठला.

माय मात्र रडली नाही. "खोदा," ती म्हणाली. "ठरलं हाय तर खोदा. लेकीनं खोटं न्हाई सांगितलं." आणि आत जाऊन तिने चूल पेटवली.

गेवराईहून डोझर आला त्या दिवसांत माय माहेरी जाऊन राहिली. माहेर नाल्याच्या पलीकडे, म्हणजे आवाज तिथं ऐकू येतच असणार. तळं झालं, पावसात भरलं, भावाने विहिरीजवळ मोसंबीची रोपं लावली. त्या संक्रांतीला गाठोडं आलं नाही. मी फोन केला तर शेजारच्या दुकानातल्या फोनवर मायला बोलवून आणलं. "तीळ कुठून आणू गं," ती म्हणाली. "बाजारातला घिऊन धाडू का?" आमच्या दुकानात तिळाची पोती एकावर एक रचलेली होती. त्यातल्याच तिळाचे लाडू सासूबाईंनी केले, चांगले झाले होते, आणि मला एकही गिळवला नाही.

पुढची काही वर्षं मी माहेरी गेले की तळ्याच्या पाण्याची बाटली भरून बीडला आणायचे. क्षार किती, पाणी झाडांना सोसेल का, हे बघायचे. पाणी चांगलं होतं, फक्त कायम गढूळ. वरच्या सगळ्या वावरांतली माती प्रत्येक पावसात वाहून तिथं येत होती, आणि तळं हळूहळू उथळ होत होतं. बाग मात्र धरली. भाऊ खूश, वडील खूश. माय माझ्याशी नीट बोलायची, माझ्या आवडीचं करून वाढायची, पण तळ्याकडे ती एकदाही गेली नाही. वाटेत तो बांध आला की वळसा घालून जायची. आणि दर संक्रांतीला मी, काही येणार नाही हे माहीत असून, बसस्टँडवरून जाताना आमच्या गावच्या गाडीच्या कंडक्टरकडे बघायचे.

मग एक वर्ष पाऊस दगा देऊन गेला. उन्हाळ्यात पालीजवळच्या धरणाचासुद्धा तळ दिसायला लागला आणि बीडमध्ये नळाची वाट बघत बायका घागरी घेऊन बसू लागल्या. आमचं तळं पार आटलं. भाऊ म्हणाला, गाळ काढून मोसंबीला टाकायचा. पण सगळाच गाळ चांगला नसतो, कधी त्यात क्षार नाहीतर चुनखडी फार असते आणि बाग सुधारायच्या ऐवजी बसते. म्हणून मी नमुना घ्यायला गेले. तळ्यात उतरले, भेगाळलेल्या गाळावरून नागमोडी चालत जागोजागी खुरपं घातलं. मान वर केली तर बांधावर माय उभी. डोक्यावर पदर, हात कमरेवर. मी वर येईपर्यंत ती तिथून हलली नाही.

प्रयोगशाळेत त्या गाळावर आम्ल ओतलं आणि चंबूत हिरवी झाक चढायला लागली. मी आधी पिशवी हुंगून पाहिली. हळद नव्हती. माती कमी घेऊन नीट मोजलं. आमच्या शेतातल्या कुठल्याही तुकड्यापेक्षा जास्त कर्ब त्या गाळात होता, आणि क्षार बेताचे.

हे सांगायला गेले तेव्हा बैठक पुन्हा ओसरीवर. भाऊ ऐकताच उठला. "उद्याच ट्रॅक्टर लावतो."

"कुणाचा गाळ?" माय दारातून म्हणाली.

"म्हंजी?"

"वावर कुणाचं हाय?"

"वावर कुठं राहिलंय माय, तळं झालं की त्याचं."

"तळं पान्याचं. बूड माझंच हाय. बुडावर बसलंय ते बी माझंच."

वडिलांनी घसा खाकरला. "अगं, पण ती माती वरच्या वावरातली. आमचीच वाहून आली ना?"

"आली ना? मी बलवायला गेलते का तिला? माझ्या दारात आली, माझी झाली." मग ती माझ्याकडे वळली. "तू सांग. तुज्या कागदानं माझं वावर गेलं. आता तुजा कागद काय म्हणतो?"

"सगळ्यांत जास्त जीव तिथंच हाय म्हणतो," मी म्हणाले.

"मग ऐका. निम्मा गाळ बागंला न्या. निम्मा बांधाअलीकडच्या वावरात टाका, आन् ते वावर आजपासून माझं. तिथं मी तीळ घेणार. आन् धसकटाला कुणी हात लावायचा न्हाई. मी बी न्हाई लावणार." घरात तोवर गॅस आला होता, त्यामुळे तेही तिला परवडणार होतं.

भाऊ वडिलांकडे बघू लागला. वडील बराच वेळ तंबाखू मळत बसले. त्यांच्या वावरावर असा कुणी हक्क सांगितला नव्हता, आणि सांगणारी बायको होती. शेवटी त्यांनी तंबाखू तोंडात टाकली न् म्हणाले, "घे. पण मी लई आळसानं राखलेलं वावर हाय. नीट संभाळ." माय त्यावर हसली. कितीतरी वर्षांनी मी तिला तशी हसताना पाहिलं.

त्या साली पाऊस बरा झाला. मायने तीळ पेरल्याचं भावाने सांगितलं, आणि वावरात काड्या-धसकटं तशीच पडलेली बघून तिचे हात शिवशिवतात, बांधावर बसून ती स्वतःलाच रागावते, असंही सांगितलं. संक्रांत आली. बसस्टँडवर आमच्या गावच्या गाडीच्या कंडक्टरने मला रिक्षांच्या गर्दीतून हाक मारली आणि गाठोडं हातात दिलं. वर तीळ होते, त्याखाली कारळं. तळाशी लुगड्याच्या फडक्यात बांधलेली एक मुठीएवढी पुरचुंडी होती. जड होती. बोटांना आतला मऊ भुगा लागत होता, आणि फडक्यातून हळदीचा पिवळा न् कुंकवाचा लाल डाग बाहेर फुटला होता.

"म्हातारीनं निरोप दिलाय," कंडक्टर म्हणाला. "म्हणली, ही तपासायची न्हाई."

मी तिथंच, त्या भोंग्यांच्या कालव्यात, पदर तोंडाला लावून रडले. घरी आले तर नवरा गल्ल्यावर होता. त्याने पुरचुंडी पाहिली, डाग पाहिला आणि हसत पानाचा डबा उघडला.

"चुना लावून बघू का?"

"हात लावू नको तिला," मी म्हणाले.